पाहणीपुरतं घर

कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं तेव्हा अण्णांनी आधी जिन्याला नावं ठेवली, मग भाऊला, आणि शेवटी धाकटीला, जिच्यामुळे हा सगळा उपद्व्याप करावा लागत होता. कपाटाला ते काही बोलले नाहीत. कपाट त्यांचं स्वतःचं होतं.

"तिरकं कर. अरे, तिरकं म्हणजे तुझ्या बाजूला, माझ्या नव्हे."

"अण्णा, माझ्या बाजूला भिंत आहे," खालून भाऊ म्हणाला. त्याचा गाल कपाटाला चिकटला होता. सामान हलवणं हाच भाऊचा धंदा, दारात स्वतःचा टेम्पो. उभं आयुष्य त्याने लोकांची कपाटं चढवण्या-उतरवण्यात घालवलं होतं, पण थोरला भाऊ सोबत असला की त्याला कपाट कसं धरायचं इथपासून शिकवणी सुरू व्हायची.

"आणि ही लिफ्ट का बंद?" अण्णांनी विचारलं.

"नाममात्र भाड्यात खोली दिलीय पालिकेने. वर लिफ्टही चालू ठेवली तर लोक म्हणतील, लाड चाललेत."

वहिनी मागून पडद्यांची पिशवी घेऊन येत होत्या. त्यांचं लक्ष ना नवऱ्याकडे, ना दिराकडे, कपाटाच्या कडेकडे. "पॉलिश सांभाळा," त्या म्हणाल्या. "दुपारी आपल्याच घरी परत जायचंय ते."

खरं तर या कपाटाचं इथे काही काम नव्हतं, आणि कपाटामागून चढणाऱ्यांचं तर त्याहून नव्हतं. धाकटीने बोलावलं होतं एकट्या थोरल्या बहिणीला, अक्काला, आणि तेही रिकाम्या हाताने. पालिकेच्या समाजकल्याण कचेरीतून आज पाहणीला बाई येणार होत्या. मनोरुग्णालयातून, आधारगृहातून, तुरुंगातून बाहेर पडून जी माणसं स्वतःच्या छपराखाली राहायला जातात, त्यांना ही कचेरी घर मांडून देते. पलंग, गादी, शेगडी, छोटा फ्रीज, कपाट. रोख काही नाही, सगळं सामान, आणि तेही जन्मात एकदाच. अट अशी की घर रिकामं असलं पाहिजे आणि माणसाला मागेपुढे बघणारं कुणी नसलं पाहिजे. धाकटीची खोली रिकामी होती. मागेपुढे म्हणाल तर तीन भावंडं होती, पण ती बघत नव्हती, तेव्हा तीही अट पुरी होत होती.

हे सामान मिळणं तिच्यासाठी हौसेचं नव्हतं. आधारगृहातून सोडताना मेट्रनने बजावलं होतं, "महिनाअखेर मी येऊन बघणार. जमिनीवर झोपून डब्यावर जगत असशील तर गुमान परत यायचं. खोली दुसरीला देऊ." धाकटी पन्नाशीला टेकलेली. इतकी वर्षं तिने, आधी दवाखान्यात आणि मग आधारगृहात, दुसऱ्याच्या घंटेवर उठून दुसऱ्याच्या दिव्यावर झोपण्यात काढली होती. या खोलीची किल्ली ती गळ्यात घालून झोपायची.

अक्का शिवणकाम करायची. वहिनींचं माप घेता घेता तिच्या तोंडून पाहणीची गोष्ट निघून गेली आणि तासाभरात ती अण्णांपर्यंत पोचली. त्या घरात बातमीला पाय नसतात, चाकं असतात. अण्णा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. अर्ध्या शहराने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती आणि उरलेल्या अर्ध्याने ती खाल्ल्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या खोलीत सरकारी बाई येणार, उघड्या भिंती बघणार आणि तसं लिहून नेणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, ते म्हणाले, आणि मूठ झाकायला टेम्पो काढला.

*

धाकटीने सकाळी उठून खोली दोनदा पुसली होती. एक खोली, कोपऱ्यात ओटा, न्हाणीघर, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. अंथरूण गुंडाळून तिने भिंतीशी ठेवलं होतं. काही नाही हे नीट दिसावं, असं तिला वाटत होतं. काय बोलायचं तेही तिने पाठ करून ठेवलं होतं, कारण अधिकारी माणूस समोर आला की तिची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून तर अक्का हवी होती.

दार वाजलं, आणि अक्काच्या मागून कपाट आत आलं. कपाटामागून अण्णा, मग वहिनी. भाऊ पुन्हा खाली जाऊन पलंगाचे भाग घेऊन आला.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

"सामान," भाऊ म्हणाला. "लोकांच्या घरात असतं तसं."

"अक्का, मी तुला म्हटलं होतं, काही आणू नकोस."

अक्का पडद्यांच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

"हे बघ," अण्णा धापा टाकत म्हणाले, "कोण कुठली बाई येणार आणि बघणार की आमच्या बहिणीकडे बसायला साधी खुर्ची नाही. बरं दिसेल का ते?"

"अण्णा, खुर्ची नाही म्हणूनच ती येतेय."

भाऊ हसला. अण्णांनी बघितल्यावर त्याने ते हसू खोकल्यात घातलं.

"खोली भरलेली दिसली तर ते काही देणार नाहीत," धाकटी सावकाश, एकेक शब्द उच्चारत म्हणाली. वेडाच्या दवाखान्यात राहून आलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: आवाज चढला की आपण हरलो. "नाही दिलं तर मेट्रन मला परत नेईल. मी फोनवर अक्काला सगळं सांगितलंय."

"नाही दिलं तर नाही दिलं. आम्ही काय मेलोत?"

"मग हे सगळं इथेच राहणार?"

वहिनींनी पदराने कपाटाची कड पुसली. "तसं नाही हो," त्या शेवटी म्हणाल्या. "हे लेकीच्या खोलीतलं. ती सुट्टीत येते तेव्हा तिला लागतं. नाहीतर आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

"आणि पलंग?"

"पलंग गिऱ्हाइकाचा आहे," भाऊ स्क्रू पिळत म्हणाला. "एका जोडप्याचं घर हलवतोय आज. दुपारपर्यंत पोचवायचाय. वाटेतच होता, म्हटलं तासभर इथे उभा राहील."

धाकटी लोकांच्या पलंगाकडे बघत राहिली. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींतलं काहीच दाखवणं शहाणपणाचं नव्हतं. "अण्णा," ती म्हणाली, "मूठ तुमची झाकायचीय. माझी उघडी दिसली तरच मला काही मिळेल."

"तुला काय कळतंय त्यातलं," अण्णा म्हणाले, आणि खिडकीला पडदा लावायला अक्काला फर्मावलं.

*

अक्का स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या ओवत होती. आधारासाठी तिने कोपर कपाटावर टेकलं होतं. धाकटी खाली उभी राहून तिला एकेक कडी देत होती. लहानपणी दोघी असंच करायच्या. आईच्या घराचे पडदे अक्का शिवायची आणि धाकटी कड्या मोजून द्यायची, आणि एखादी मुद्दाम लपवायची.

"अक्का, त्या बाई विचारतील," धाकटी हळूच म्हणाली. "माझं कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. तू फक्त खरं सांग."

"सांगते गं."

"नक्की?"

"सांगते म्हटलं ना."

आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. हे इथे लिहून ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं त्यानंतर घरात कुणी ते मानलं नाही. त्या क्षणी अक्काला धाकटीची इतकी माया आली की तिने स्टुलावरूनच वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मायेचं हे असंच असतं. वेळ यायच्या आधी ती भरपूर असते.

बाई आल्या तेव्हा त्यांच्या एका खांद्यावर पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन होता. जिना चढून त्या घामाघूम झाल्या होत्या. आत पाऊल टाकताच त्यांची नजर अण्णांवर पडली आणि त्या थबकल्या.

"सर, तुम्ही? ओळखलंत का मला? तुमच्या शाळेत होते. आठवीला तुम्हीच होता आम्हाला. शेवटच्या बाकावर बसायचे मी."

"शेवटच्या बाकावरचे सगळे माझ्या लक्षात असतात," अण्णा म्हणाले. त्यांना ती अजिबात आठवत नव्हती, पण त्यांचा ऊर भरून आला. निवृत्तीनंतर इतकं बरं वाटण्याचे प्रसंग त्यांना फारसे आले नव्हते.

"आणि या तुमच्या बहीण? आमच्याकडे नुसतं नाव असतं, कुणाचं कोण ते कळत नाही." बाईंनी खोलीभर नजर फिरवली. पलंग, त्यावर वहिनींची चादर, खिडकीला पडदा, कपाट. "मी तर रिकामी खोली बघायच्या तयारीने आले होते. कपाट काय छान आहे."

"सागवानी आहे," वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"शेगडी दिसत नाही?"

"येतेय," अण्णा म्हणाले.

"फ्रीज?"

"तोही येतोय." एकदा खोटं बोलायला लागलं की माणूस उदार होतो. "तिला काही कमी पडू देणार नाही आम्ही."

"म्हणजे घरचे बघतायत सगळं," बाई म्हणाल्या आणि फोनवर खोलीचे फोटो काढायला लागल्या. पलंगाचा काढला, कपाटाचा काढला. पडद्याचाही काढला.

धाकटीने पाठ केलेली वाक्यं आता चुकीची झाली होती. ती रिकाम्या खोलीसाठी पाठ केलेली. तिने नवी वाक्यं जुळवली आणि जीभ टाळूपासून ओढून काढली. "बाई, हे माझं नाही. हे आज सकाळी आणलंय. दुपारी परत जाणार आहे. पलंग तर भाऊच्या गिऱ्हाइकाचा आहे."

बाईंनी फोन खाली घेतला. त्यांनी सरांकडे बघितलं. सर हसत होते, पालकसभेत एखाद्या पोराने काही वेडंवाकडं सांगितलं की हसायचे तसे. भाऊ पलंगाच्या पायाशी वाकून नसलेला स्क्रू शोधत होता. वहिनींनी अक्काकडे बघितलं.

"तुम्ही थोरल्या ना?" बाईंनी अक्काला विचारलं. "तुम्हीच सांगा. खरंय का हे?"

अक्काचं शिलाई मशीन अण्णांच्या बाहेरच्या खोलीत होतं. नवऱ्यामागे तिला तीच एक खोली, तिथेच मशीन, तिथेच खाट, गिऱ्हाइकंही तिथेच यायची. भाडं नव्हतं. म्हणजे पैशांत नव्हतं. अण्णांचा शब्द खाली पडू दिला तर ती खोली किती दिवस आपली राहील, याचा हिशोब तिच्या डोक्यात इतका लख्ख झाला की तिची तिलाच लाज वाटली. तरी तोंड उघडलं तेव्हा लाज मागे राहिली.

"तुम्हाला माहीतच असेल ती कुठे होती ते," अक्का म्हणाली. "मधूनच असं काहीतरी घेऊन बसते. आपलीच माणसं आपल्याला लुबाडतात, असं वाटतं तिला."

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या धाकटीकडे वळल्या आणि आवाज लहान मुलाशी बोलतात तसा केला. "असू दे, असू दे. गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेते," धाकटी म्हणाली.

"छान. घ्यायच्या हं." मग त्या सरांशी मोठ्या माणसांसारखं बोलायला लागल्या. "मग मी कुटुंबाचा आधार आहे असंच लिहिते, सर. खरंच कुणी नाही अशा माणसांची रांग लागलीय आमच्याकडे. तुमच्यासारखा भाऊ प्रत्येकाला असता तर आमची कचेरी बंद पडली असती. चला, वरच्या मजल्यावर अजून एक घर बघायचंय." त्यांनी वाकून अण्णांना नमस्कार केला. अण्णांनी पाठीवर हात ठेवून आशीर्वादही दिला.

*

दार लागलं. मग अण्णा म्हणाले, "चांगली मुलगी आहे," आणि पलंगावर बसले.

"अक्का," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अजूनही खालीच होता. "आईचं घर विकलं, तेव्हा सहीसाठी मला दवाखान्यातून आणलं होतं. डॉक्टरांना तूच म्हणालीस, ही आता अगदी शहाण्यासारखी आहे, तिला सगळं कळतं. सही करायला शहाणी आणि बोलायला वेडी. बरं जमतं तुम्हाला."

"जुनं उकरू नकोस," अण्णा म्हणाले.

"जुनं? घाम वाळला नाही अजून कुणाचा."

अक्काने बोलायला तोंड उघडलं. नक्की काय बोलणार होती कोण जाणे, माफी मागणार होती की कारण सांगणार होती. पण तेवढ्यात वहिनींनी कपाटावर बोट ठेवलं.

"हे काय झालं?"

कपाटाच्या वरच्या अंगाला बोटभर ओरखडा उठला होता. अक्काच्या मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली असायची, सवयीने आजही होती, आणि पडदा लावताना तिने तिथेच हात टेकला होता.

"टाचणी लागली असेल," अक्का म्हणाली. "पुसून बघा, जाईल."

"पुसून जायला ती काय धूळ आहे? लेकीने हौसेने घेतलंय ते." वहिनींचा राग आज सकाळपासून जागा शोधत होता. नणंदेच्या खोलीत आपलं कपाट, जिन्यावर आपला नवरा हमालासारखा, आणि वर त्या सरकारी बाईसमोर खोटं. त्यांना हे नको होतं, पण अण्णांपुढे कोण बोलणार. अक्कापुढे मात्र बोलता येत होतं. "फुकटचं वापरायची सवय लागली की असंच होतं. वस्तू दुसऱ्याची, काळजी कशाला करायची."

"वहिनी, तुमच्यासाठी मी आत्ता काय बोलले, ऐकलंत ना?"

"माझ्यासाठी? मी सांगितलं होतं का बोला म्हणून?" वहिनींनी पडदा ओढून काढला आणि घडी न घालता पिशवीत कोंबला. "आणि आता निघालाच आहे विषय तर सांगून टाकते. लेक आणि जावई इकडेच बदली घेतायत. बाहेरची खोली लागणार आहे आम्हाला. महिनाअखेर मोकळी करून द्या."

अक्काने अण्णांकडे बघितलं. "अण्णा?"

अण्णा चादरीवरची सुरकुती सरळ करत होते. "मी बोलणारच होतो तुझ्याशी," ते म्हणाले. "सवडीने."

म्हणजे आधीच ठरलं होतं. जी खोली वाचवायला अक्काने आपल्या बहिणीला परक्या बाईसमोर वेडी ठरवलं, ती खोली केव्हाच गेली होती. ती स्टुलावर बसली. तिला चीड आली ती स्वतःची कमी, वहिनींची जास्त.

भाऊचा फोन वाजला. पलंगवाल्या जोडप्याचा. "पोचतोच, जाममध्ये अडकलोय," भाऊ म्हणाला आणि फोन खिशात टाकला. "अण्णा, काय करायचं? ते दोघं रिकाम्या घरात उभे आहेत."

"थोडं थांबू," अण्णा म्हणाले. "लगेच नेणं बरं दिसत नाही."

"न्या," धाकटी म्हणाली. "आत्ताच न्या. मला ही खोली जशी होती तशी हवीय." आणि तिने स्वतः जाऊन दार सताड उघडलं. बाई वरच्या मजल्यावर होत्या, लिफ्ट बंद होती, आणि खाली यायला जिना एकच. धाकटी वेडी असेल, बहिरी नव्हती.

*

कपाट पुन्हा त्याच वळणावर अडकलं. वरून चपलांचा आवाज आला तेव्हा अण्णांनी वर बघितलं नाही. त्यांना वाटलं असेल कुणी इमारतीतलं.

"सर?"

अण्णांचे दोन्ही हात कपाटाखाली होते. खांद्यावर वहिनींनी बसवलेला जुना टॉवेल. शाळेच्या पटांगणात ज्यांच्या नुसत्या पावलांनी पोरं रांगेत उभी राहायची ते सर घामाने निथळत जिन्याच्या पायरीवर अर्धे वाकून उभे होते, आणि शेवटच्या बाकावरची ती मुलगी चार पायऱ्या वरून त्यांच्याकडे बघत होती.

"पॉलिश," अण्णा म्हणाले. "पॉलिशला नेतोय."

"आणि पलंग?" बाईंनी विचारलं. पलंगाची फळी खालच्या वळणावर भिंतीला टेकून उभी होती.

अण्णांनी भाऊकडे बघितलं. भाऊ कुणाच्याही बाजूने बोलायचा, पण बाजू जरा तरी टिकेल अशी लागायची. "पलंगालाही तसं पॉलिश..." तो म्हणाला.

मागून अक्का येत होती. काखेत पडद्यांची पिशवी, हातात स्टूल. वहिनी तिच्या मागे. "पटकन चला हो," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांना बाई दिसल्या.

बाईंनी अक्काच्या पिशवीतून लोंबणारा पडदा बघितला. "मघाशी तुम्ही मला काय सांगितलंत?"

"खोटं सांगितलं," अक्का म्हणाली.

"अक्का, तोंड आवर," अण्णा म्हणाले.

"का आवरू? महिनाअखेर मी रस्त्यावर. आता कुणासाठी आवरू?" तिचा आवाज जिन्यात वर-खाली घुमला. एका दाराची कडी वाजली, कुणीतरी डोकावलं. "कपाट यांचं आहे. पलंग परक्याचा. पडदे वहिनींचे. तिचं त्या खोलीत एक अंथरूण आहे. ती खरं बोलत होती, मी तिला वेडी ठरवलं. ती नाहीय वेडी. निदान आमच्याइतकी तर नाहीच."

हे सगळं न्यायासाठी होतं असं कुणी समजू नये. बोलताना अक्का बघत होती वहिनींकडे, आणि वहिनींचा उतरलेला चेहरा बघून तिला गार वाटत होतं. पण खरं ते खरंच, कुठूनही आलं तरी.

बाई पायरीवर बसल्या. त्या दमल्या होत्या आणि त्यांना रागही आला होता, आणि समोर सर होते. "सर, माझं काम सोपं करा," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला मदत करणार असाल तर कपाट वर न्या, मी लिहिलंय तेच ठेवते. करणार नसाल तर घरच्या कुणीतरी मला तोंडाने सांगायला हवं, की आमचा तिला आधार नाही. मधलं काही मला लिहिता येत नाही."

एवढंच तर म्हणायचं होतं. अण्णांनाही ते कळत होतं. आपण एक वाक्य बोललो तर बहिणीला घर मिळतं. ते वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं. पण ही मुलगी उद्या दहा ठिकाणी सांगणार, की सर जिन्यावर उभे राहून म्हणाले, बहिणीला आम्ही विचारत नाही. इतकी वर्षं फळ्यावर सुविचार लिहिलेल्या माणसाला ते जमेना. बहिणीचं जे व्हायचं ते होवो, त्यांना ते जमेना.

"भाऊ," अण्णा म्हणाले, "उचल."

भाऊने उचललं. खाली उतरताना कपाट या वेळी वळणावर मुळीच अडकलं नाही. वहिनी त्यामागून गेल्या, कडेवर हात ठेवून.

*

खोली पुन्हा होती तशी झाली होती. धाकटी गुंडाळलेल्या अंथरुणाशेजारी उभी होती. जिन्यातलं तिने शब्द न् शब्द ऐकलं होतं. त्या इमारतीच्या जिन्यात कुणी शिंकलं तरी वरपर्यंत ऐकू जायचं.

बाईंनी आधीचे फोटो पुसून टाकले आणि नवे काढले. चार भिंती, ओटा, अंथरूण. या वेळी त्या धाकटीशी मोठ्या माणसासारख्या बोलत होत्या. मघाच्या गोळ्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, माफीही मागितली नाही. "पलंग एकट्यासाठीचाच मिळतो," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल."

अक्का उंबऱ्याशी थांबली होती. टेम्पो निघून गेल्याचा आवाज तिने ऐकला होता. तिच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. ती खोली बघत होती. खिडकीखाली मशीन राहील, तिच्या मनात येऊन गेलं. उजेड चांगला आहे. आपण आज हिच्यासाठी बोललो, हे हिच्या लक्षात असेल.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "भावाचं मी समजले. या तुमच्या थोरल्या बहीण, यांनीच सगळं खरं सांगितलं. या तुमच्या मदतीला असतात का? दुखलं-खुपलं तर यायला, सोबत राहायला? तसं असेल तर तेही मला लिहावं लागेल, आणि मग वर कचेरीत पुन्हा विचार होईल. नसेल तर, कुणी नाही, असं लिहिते आणि सामान चार-सहा दिवसांत येतं."

धाकटीने अक्काकडे बघितलं. अक्काने मान हलवली नाही, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ती एक पाऊल आत आली होती. धाकटीला तिची दया आली. खूप आली. लहानपणी जिच्या कुशीत आपण झोपलो तीच अक्का ही, आणि हिलाही आता जागा नव्हती. हो म्हटलं असतं तर कदाचित दोघींना मिळून काही जमलं असतं, कदाचित दोघींनाही काही मिळालं नसतं. पण मघाचा तो आवाज, असू दे, असू दे, अजून तिच्या कानात होता, आणि तो बाईंना अक्कानेच दिला होता.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "तसंच लिहा."

बाईंनी लिहिलं. अक्का उभीच होती.

"अक्का," धाकटी म्हणाली, "जाताना दार ओढून घे."